रामचंद्रपंत अमात्य

रामचंद्रपंत अमात्य : (सु. १६५०–१७१६). मराठी राज्यातील एक थोर मुत्सद्दी, प्रशासक आणि आज्ञापत्र या राजनीतिविषयक ग्रंथाचा कर्ता. संपूर्ण नाव रामचंद्र नीलकंठ. कोल्हापूर संस्थानातील बावडेकर अमात्य (पंत अमात्य) घराण्याचा तो मूळ पुरुष होय. छत्रपती शिवाजी, संभाजी व राजाराम, ताराबाईच्या आधिपत्याखालील दुसरा शिवाजी आणि कोल्हापूरचा दुसरा संभाजी अशा पाच कारकीर्दी त्याने पाहिल्या. राजाराम महाराज जिंजीस असताना १६८९ ते १६९८ या काळात महाराष्ट्रातील राज्यकारभाराची संपूर्ण जबाबदारी त्याच्यावर होती. राजा दूर, राजधानी शत्रूच्या ताब्यात आणि खजिना रिता अशा स्थितीत त्याने राज्य टिकविले. त्यासाठी वतने व जहागिरी देण्याचे जे धोरण स्वीकारावे लागले, त्याचे धोके पुढे त्याच्याच ग्रंथात सविस्तर आले आहेत. त्याच्या राजकीय चरित्राचे महत्त्व या दुहेरी अनुभवात आहे.

घराणे व कल्याण–भिवंडीचा सुभा : रामचंद्रपंताचे घराणे मूळचे कल्याण–भिवंडीजवळच्या कोळवण भागातील असल्याचे मानण्यात येते. त्याचा पिता नीळो सोनदेव हा शिवाजी महाराजांचा मुजुमदार होता, तर चुलता आबाजी सोनदेव याचे नाव कल्याण–भिवंडीच्या सुभ्याशी कायमचे जोडले गेले आहे.

१६३६ मध्ये निजामशाही बुडाल्यानंतर हा प्रदेश आदिलशाहीकडे आला. त्याचा अंमल नवाईत सरदार मुल्ला अहमद याच्याकडे होता. १६५६ च्या अखेरीस मुहम्मद आदिलशाहाचा मृत्यू झाला आणि पुढील वर्षी औरंगजेबाच्या स्वारीमुळे विजापूरची सत्ता खिळखिळी झाली. ही संधी साधून शिवाजी महाराजांनी ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण व भिवंडी ही ठाणी घेतली आणि जानेवारी १६५८ मध्ये माहुलीचा किल्ला जिंकला. बखरींतील कथनावरून ग्रँट डफ व त्याच्या मागून लिहिणाऱ्यांनी आबाजी सोनदेवाची ही मोहीम सु. १६४८ मध्ये झाल्याचे मानले. तथापि १६५७ हे वर्ष आता सर्वमान्य आहे.

कल्याण व भिवंडी ही उल्हास नदीच्या खाडीशी निगडित असलेली बंदरे होती. घाटावरून नाणे व माळशेज घाटांनी उतरणारा माल येथून समुद्राकडे जाई. ही ठाणी हाती येताच शिवाजी महाराजांनी कल्याण, भिवंडी व पनवेल येथे जहाजबांधणीचा प्रारंभ केला. वसईचे पोर्तुगीज हे या सुभ्याचे निकटचे शेजारी होते आणि १६६८ पासून मुंबई इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. समुद्रावर सत्ता गाजविणारे परकीय व्यापारी, त्यांची तटबंदीची ठाणी आणि आरमाराची निकड हे विषय सोनदेव घराण्याच्या नित्य व्यवहारातील होते. पुढे आज्ञापत्रात या विषयांना जे स्थान मिळाले, त्याची पार्श्वभूमी म्हणून या गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात.

मुल्ला अहमदाची पुढील हकीकत त्या काळातील सरदारवर्गाची वृत्ती दर्शविते. विजापूर दरबारातील एक अग्रगण्य सरदार म्हणून १६६५ मध्ये मिर्झाराजा जयसिंगाकडे वकिलीस गेला असता तो मोगलांच्या सेवेत दाखल झाला आणि लवकरच बादशाही दरबाराच्या वाटेवर मरण पावला. एका सत्तेचा वकील म्हणून जावे आणि दुसऱ्या सत्तेचा मनसबदार व्हावे, ही गोष्ट त्या काळी अपवादात्मक नव्हती. सरदाराची निष्ठा ही राजकारणातील एक देवघेवीची बाब होती. रामचंद्रपंताला आपल्या कर्तृत्वाच्या ऐन काळात याच वृत्तीशी सामना द्यावा लागला.

प्रारंभीची सेवा : शिवाजी महाराज १६६६ मध्ये आग्र्यास गेले, तेव्हा जिजाबाईंच्या देखरेखीखाली राज्य सांभाळण्याचे काम मोरोपंत पिंगळे व नीळो सोनदेव यांच्याकडे होते. राजाच्या अनुपस्थितीत राज्य अभंग राखण्याचा हा धडा घरातच घडला होता. नीळो सोनदेव १६७२ मध्ये मरण पावल्यावर मुजुमदारीचे काम त्याच्या मुलांकडे आले. ६ जून १६७४ रोजी झालेल्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांची फार्सी पदनामे बदलून संस्कृत नावे देण्यात आली. मुजुमदाराचा अमात्य झाला आणि ते पद रामचंद्रपंताकडे आले. त्या वेळी तो सुमारे चोवीस वर्षांचा होता. राज्याचा सर्व जमाखर्च तपासणे, मुलखाची वसुली व खर्च यांचा मेळ घालणे आणि हिशेबी कागदांवर निशाणी करणे ही अमात्याची मुख्य कामे होत. राज्याचे उत्पन्न कोठून येते आणि कोठे झिरपते, याचे सूक्ष्म ज्ञान त्याला या कामातून प्राप्त झाले. संभाजी महाराजांच्या कारकीर्दीतही (१६८०–८९) तो राज्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांपैकी एक होता.

हुकूमतपनाह : १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वर येथे संभाजी महाराज पकडले गेले आणि ११ मार्च रोजी त्यांचा वध झाला. दरम्यान रायगडावर राजाराम महाराजांचे मंचकारोहण झाले होते. मोगलांचा वेढा पडत असता ते ५ एप्रिल रोजी रायगडावरून निसटले आणि प्रतापगडमार्गे पन्हाळ्यास गेले. त्या वर्षाच्या अखेरीस रायगड पडला आणि येसूबाई व बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले. कल्याणचा प्रदेशही त्याच सुमारास मोगल अधिकारी मातबरखान याने जिंकून घेतला. रामचंद्रपंताच्या चुलत्याने सांभाळलेला सुभा अशा रीतीने शत्रूकडे गेला.

राजा हाती लागल्यास राज्य संपेल, हे ओळखून राजाराम महाराजांनी दक्षिणेकडे जिंजीस जावे असे ठरले. सप्टेंबर १६८९ मध्ये ते पन्हाळ्यावरून निघाले. जिंजीस प्रल्हाद निराजी याला प्रतिनिधी हे नवे पद देण्यात आले, तर महाराष्ट्राचा कारभार रामचंद्रपंताकडे सोपवून त्याला ‘हुकूमतपनाह’ हा किताब देण्यात आला. हुकूमतपनाह म्हणजे राजसत्तेचा आश्रय वा आधार. या किताबामुळे मुलखाचा बंदोबस्त, सैन्याची उभारणी, सरदारांच्या नेमणुका आणि वतनांचे निवाडे यांबाबत राजाच्या नावे निर्णय घेण्याचा अधिकार त्याला मिळाला. अष्टप्रधानांतील कोणत्याही एका मंत्र्याकडे यापूर्वी इतके व्यापक अधिकार नव्हते.

विशाळगड हे रामचंद्रपंताच्या कारभाराचे प्रमुख स्थान बनले. शंकराजी नारायण, परशुराम त्रिंबक, संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव हे त्याचे प्रमुख सहकारी होते. मे १६९० मध्ये साताऱ्याजवळ मोगल सरदार रुस्तुमखान याचा पराभव करून त्याला कैद करण्यात आले. संभाजी महाराजांच्या वधानंतर मराठ्यांना मिळालेला हा पहिला मोठा विजय होय. त्याच वर्षी प्रतापगड, रोहिडा, राजगड व तोरणा हे किल्ले परत घेण्यात आले. १६९२ मध्ये परशुराम त्रिंबकाने पन्हाळा जिंकला. संताजी व धनाजी यांच्या फौजा महाराष्ट्रातून कर्नाटकापर्यंत संचार करीत असल्याने जिंजीस वेढा घालून बसलेल्या मोगल सैन्याची रसद वारंवार तुटे. सु. आठ वर्षे चाललेला जिंजीचा वेढा आणि महाराष्ट्रातील किल्ल्यांची लढाई या दोहोंमध्ये औरंगजेबाचे सैन्य विभागले गेले. जिंजीकडून महाराष्ट्रात हुकूम व महाराष्ट्रातून जिंजीस सैन्य व बातम्या अशी देवाणघेवाण शत्रूच्या मुलखातून चालू ठेवणे हे या कारभाराचे एक अवघड अंग होते.

वतनांचे धोरण : या युद्धाचा खर्च भागविण्याचा प्रश्न सर्वांत बिकट होता. शिवाजी महाराजांनी सैन्याला शक्यतो रोख पगार देण्याची प्रथा ठेवली होती. सेवेबद्दल जमिनी वंशपरंपरेने तोडून देण्याचे त्यांनी टाळले होते आणि गावोगावच्या देशमुख-देशपांड्यांच्या सत्तेस आळा घातला होता. परंतु १६८९ नंतर मुलूख मोगलांच्या घोड्यांखाली होता, वसूल येत नव्हता आणि रोख पगार देणे अशक्य झाले होते. दुसरीकडे औरंगजेब मराठे सरदारांना व देशमुखांना मनसबी आणि वतने देऊन आपल्याकडे ओढीत होता. अनेक वतनदार दोन्ही पक्षांशी संधान बांधून होते. वतन वाचविणे हे त्यांचे पहिले उद्दिष्ट होते.

अशा लोकांना राज्याकडे वळवावयाचे, तर बादशाह जे देत होता त्याहून कमी देऊन चालणार नव्हते. म्हणून जो सरदार आपल्या बळावर सैन्य उभारून मोगलांकडील मुलूख सोडवील, त्याला त्याच मुलखातून सरंजाम द्यावा, असे धोरण ठरले. सरंजाम म्हणजे सैन्याच्या खर्चासाठी लावून दिलेला मुलखाचा वसूल. देशमुखांना जुनी वतने परत करण्याची व नवी इनामे देण्याची आश्वासने देण्यात आली. १६९१ मध्ये राजाराम महाराजांनी हणमंतराव घोरपडे यास दिलेल्या एका पत्रात रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद आणि अखेर दिल्ली जिंकल्यास द्यावयाच्या नेमणुकांचा उल्लेख आहे. ज्या प्रदेशात मराठ्यांचे ठाणेही नव्हते, त्याच्या उत्पन्नावर या नेमणुका दिल्या जात होत्या, हे लक्षणीय आहे. रित्या खजिन्यातून युद्ध चालविण्याचा तो एक मार्ग होता.

हे धोरण यशस्वी झाले. मोगलांकडे गेलेले अनेक सरदार व देशमुख परत आले आणि लढाई राजाच्या सैन्यापुरती मर्यादित न राहता गावोगाव पसरली. एखादा किल्ला वा सेनापती पडल्याने युद्ध संपेनासे झाले. तथापि त्याची किंमतही त्याच वेळी दिसू लागली. स्वतःच्या मुलखावर व फौजेवर उभा असलेला सरदार हुकूम मानावयाचा की नाही, हे स्वतः ठरवू लागला. संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांच्यातील वैर विकोपास गेले आणि १६९७ मध्ये संताजी मारला गेला. या वैराला आवर घालणे हुकूमतपनाहाला किंवा राजालाही शक्य झाले नाही. १६९८ च्या प्रारंभी जिंजी पडली. पण तत्पूर्वीच राजाराम महाराज तेथून निसटून महाराष्ट्रात परतले होते. पुढे सातारा ही राजधानी झाली.

ताराबाई व शाहू : २ मार्च १७०० रोजी सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले. ताराबाईने आपला अल्पवयीन मुलगा शिवाजी यास गादीवर बसविले. संभाजी महाराजांचा मुलगा शाहू मोगलांच्या कैदेत हयात असल्याने रामचंद्रपंताला हा निर्णय मान्य नव्हता असे दिसते. परिणामी आरंभी ताराबाईच्या कारभारात परशुराम त्रिंबक व शंकराजी नारायण यांचे वजन वाढले. मात्र रामचंद्रपंताने राज्याची सेवा सोडली नाही. १७०० ते १७०४ या काळात औरंगजेबाने सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड व तोरणा हे किल्ले एकामागून एक घेतले; परंतु त्याची पाठ वळताच मराठे त्यांतील अनेक परत घेत. मार्च १७०७ मध्ये अहमदनगर येथे औरंगजेब मरण पावला.

त्यानंतर मोगलांनी शाहूची सुटका केली. ताराबाईने त्याचा हक्क नाकारल्याने ऑक्टोबर १७०७ मध्ये खेड येथे लढाई झाली. धनाजी जाधव शाहूस मिळाला आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यास शाहूचा राज्याभिषेक झाला. अनेक जुने सरदार व मंत्री हळूहळू शाहूकडे गेले. शाहूच्या वारसाहक्काविषयी आदर असूनही रामचंद्रपंत ताराबाईच्या पक्षास धरून राहिला. मोगलांच्या संमतीने परतलेला राजा त्यांच्या अंकित राहील, ही शंका ताराबाईच्या पक्षात प्रबळ होती. १७१० च्या सुमारास पन्हाळा–कोल्हापूर भागात ताराबाईचे स्वतंत्र राज्य स्थिरावले आणि मराठी राज्याचे दोन भाग पडले. १७३१ च्या वारणेच्या तहाने या विभागणीस औपचारिक मान्यता मिळाली.

१७१४ मध्ये पन्हाळ्यावर राज्यक्रांती झाली. ताराबाई व तिचा मुलगा शिवाजी यांना कैदेत टाकून राजाराम महाराजांची दुसरी राणी राजसबाई हिचा मुलगा संभाजी यास गादीवर बसविण्यात आले. या पालटास रामचंद्रपंताचा पाठिंबा होता. ज्या राणीची त्याने अनेक वर्षे सेवा केली, तिच्याविरुद्धच्या कटात तो सहभागी व्हावा, ही बाब त्याच्या चरित्रात वादग्रस्त ठरली आहे. ताराबाईचा एकतंत्री कारभार व तिच्या मुलाची राज्य करण्याची अपात्रता ही कारणे यासंबंधी सांगितली जातात. निष्ठा व्यक्तीशी असावी की राज्याशी, हा प्रश्न येथे स्पष्टपणे उभा राहतो.

आज्ञापत्र : नव्या राजाच्या मार्गदर्शनासाठी शके १६३७ (१७१५) मध्ये आज्ञापत्र सिद्ध झाले. हा ग्रंथ दुसऱ्या संभाजीच्या नावे आज्ञेच्या स्वरूपात आहे. तथापि त्याचे कर्तृत्व सामान्यतः रामचंद्रपंताकडे दिले जाते. त्याची नऊ प्रकरणे आहेत. पहिल्या दोन प्रकरणांत शिवाजी महाराजांपासूनचा राज्याचा इतिहास असून पुढील प्रकरणांत राजधर्म, प्रधान, सावकार, वतनदार, वृत्ती व इनामे, दुर्ग आणि आरमार या विषयांचे विवेचन आहे. संस्कृत नीतिग्रंथांची परंपरा लेखकास परिचित आहे. परंतु ग्रंथाचा भर शास्त्रवचनांवर नसून शिवाजी महाराजांच्या काळापासूनच्या प्रत्यक्ष अनुभवावर आहे. मराठी गद्यात राजनीतीचा असा स्वतंत्र विचार करणारा दुसरा ग्रंथ त्या काळात आढळत नाही.

वतनदारांवरील प्रकरण या दृष्टीने सर्वांत उद्बोधक आहे. वतनदार हे आपापल्या मुलखापुरते लहान राजेच असतात. असलेल्यावर त्यांचे समाधान होत नाही. दुर्बळांचे बळकावणे, गढ्या बांधणे आणि परचक्र येताच वतनासाठी शत्रूस मिळणे ही त्यांची प्रवृत्ती असते, असे लेखक सांगतो. त्यांची वतने एकदम काढून घेणे तो अन्यायाचे व धोक्याचे मानतो, तर त्यांना मोकळे सोडणे हे राज्याच्या नाशास कारण होईल असे बजावतो. त्यांना मानाने वागवावे, पण बळ वाढू देऊ नये, असा त्याचा मध्यम मार्ग आहे. सेवकांना सेवेबद्दल जमिनी इनाम देण्यास त्याचा स्पष्ट विरोध आहे. जमीन हेच राज्य होय; ती देत गेल्यास प्रत्येक पिढीत राज्य घटत जाईल, असा हा युक्तिवाद आहे. १६८९ नंतरच्या दशकात जे देणे भाग पडले, त्याचाच हा ताळेबंद होय. संकटकाळचा उपाय ही राज्याची कायमची रीत होऊ नये, हे त्यातील सार आहे.

सावकारांच्या प्रकरणात व्यापाऱ्यांना राज्याची शोभा मानून त्यांना आश्रय देण्यास सांगितले आहे. मात्र पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच इ. ‘टोपीकर’ हे इतर सावकारांसारखे नाहीत, असा इशारा दिला आहे. त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत आणि आरमार, दारूगोळा व तटबंदी हे त्यांचे बळ आहे. त्यामुळे त्यांना समुद्रकिनाऱ्यावर वा खाडीच्या मुखाशी जागा देऊ नये. वखारीस जागा द्यावीच लागली, तर ती किनाऱ्यापासून दूर, मोठ्या गावांच्या शेजारी व आटोक्यात राहील अशी द्यावी आणि पक्क्या इमारती बांधू देऊ नयेत, असे ग्रंथात म्हटले आहे. वसई व मुंबई यांच्या शेजारी असलेल्या कल्याण–भिवंडीच्या मुलखात या इशाऱ्याचा अर्थ सहज कळण्यासारखा होता. आरमाराच्या प्रकरणात जहाजांसाठी लाकूड परवानगीने तोडावे आणि रयतेची आंबा-फणसाची झाडे बळाने तोडू नयेत, अशी ताकीद आहे. झाड वाढावयास लागणारी वर्षे व रयतेचे त्यावरील ममत्व यांचा विचार त्यामागे आहे. दुर्गप्रकरणात किल्ल्यांची जागा, पाणी, तटबंदी आणि अधिकाऱ्यांची परस्परांवरील देखरेख यांचा तपशील आढळतो.

मूल्यमापन : आज्ञापत्र लिहिले गेल्यानंतर थोड्याच काळात, १७१६ मध्ये, रामचंद्रपंत पन्हाळ्यास मरण पावला. तेथे त्याची समाधी आहे. त्याच्यानंतर मुलगा भगवंतराव याच्याकडे अमात्यपद आले. गगनबावड्याची जहागीर त्याच्या वंशजांकडे कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये विलीन होईपर्यंत चालू होती. वंशपरंपरागत इनामाविषयी ग्रंथात इशारा देणाऱ्या मुत्सद्द्याचे घराणेही जहागिरीवरच स्थिरावले, यावरून ती प्रथा किती खोलवर रुजली होती याची कल्पना येते.

सरंजामी पद्धत पुढे शाहूच्या काळात अधिक दृढ झाली. बाळाजी विश्वनाथाने १७१९ मध्ये मिळविलेल्या चौथाई व सरदेशमुखीच्या सनदांनंतर सरदारांना प्रदेश वाटून देण्यात आले. त्यामुळे मराठी सत्ता उत्तरेपर्यंत पसरली. पण मध्यवर्ती सत्तेचा सरदारांवरील ताबा सैल होत गेला आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचे परिणाम भोगावे लागले. टोपीकरांविषयीचा इशाराही त्याच काळात खरा ठरला. या पद्धतीचा दोष काही अभ्यासक रामचंद्रपंताकडे देतात. तथापि १६८९ मध्ये दुसरा मार्ग उपलब्ध होता असे दिसत नाही. सरदारांच्या स्वार्थालाच राज्याच्या बचावाचे साधन बनवून त्याने सर्वांत कठीण काळ निभावून नेला आणि निभावल्यावर त्या साधनाचे धोके पुढील राजांसाठी लिहून ठेवले. त्याच्या सल्ल्याकडे दुर्लक्ष झाले. पण स्वतःच्या धोरणाच्या मर्यादा इतक्या स्पष्टपणे मांडणारा मुत्सद्दी म्हणून मराठ्यांच्या इतिहासात त्याचे स्थान वेगळे आहे.